चौथ्या दिवसाचा डोळा

मावशी आमच्या इमारतीत आल्या त्या फरशी पुसायला. मी तेव्हा तिथल्या भांडारात होतो. काचेचं सामान, औषधं, हातमोजे, बल्ब, ज्याला जे लागेल ते मागवायचं आणि सही घेऊन द्यायचं, हे माझं काम. वयानं मी त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा, पण सगळे मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागलो, आणि त्या मला भाऊ म्हणायच्या. नातं जुळवायला बसलं तर डोकं फिरेल, पण वीस वर्षांत त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

त्यांचं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं आणि त्या वडिलांकडे परत आल्या होत्या. एवढंच त्यांनी मला सांगितलं, तेही एकदाच. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दोन खोल्यांचं घर, खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान, खिडकीशी वडिलांचं टेबल.

पहिल्या मजल्यावर मॅडमची प्रयोगशाळा होती. कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसं घडतं, त्यातही त्याचा डोळा कसा घडतो, हा मॅडमचा विषय. एक दिवस कुणाच्या तरी हातून काचेची सुई अंड्यातच मोडली. केसासारखा बारीक तुकडा, तोही जिवंत गर्भाच्या अंगावर. तिघं जण चिमटे घेऊन वाकले आणि प्रत्येकानं तो आणखी थोडा आत ढकलला. मावशी कोपऱ्यात बादली घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी बघू का?" कुणी हो म्हणायच्या आत त्यांनी हात धुतले, मायक्रोस्कोपला डोळे लावले, आणि तुकडा उचलून बशीत ठेवला. खालचं हृदय धडधडतच होतं.

"हे कुठं शिकलात?" मॅडमनी विचारलं.

"घरी. बाबांच्या घड्याळांत याहून नाजूक स्प्रिंगा असतात. आणि त्या उडून पलंगाखाली जातात. हे बिचारं एका जागी तरी आहे."

महिन्याभरात मावशींच्या हातातलं फडकं सुटलं आणि चिमटा आला. पुढं सतरा वर्षं त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नाही.

मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. पण एकदा त्यांनी मला हाक मारली, "भाऊ, या, दाखवते." अंड्याच्या कवचाला वरून छोटी खिडकी कापलेली. आत पिवळ्या बलकावर लाल रक्तवाहिन्यांचं जाळं, मधोमध कुशीवर निजलेला नखाएवढा गर्भ, आणि त्या एवढ्याशा जिवाला न शोभणारा मोठा डोळा.

"हा उजवा डोळा. ते डाव्या कुशीवर निजतं, म्हणून उजवा वर येतो. आज चौथा दिवस आहे, मोहरीएवढा दिसतोय. आठव्या दिवशी वाटाण्याएवढा होईल."

"चार दिवसांत? खातो तरी काय?"

"पाणी," मावशी म्हणाल्या. "आत पोकळी असते, तिच्यात पाणी भरत राहतं. ते आतून भिंतीला रेटतं, भिंत ताणते, पसरते, आणि डोळा मोठा होतो. पाणी काढून टाकलं तर डोळा खुजाच राहतो. नुसता डोळाच नाही हो. मेंदू घ्या, कान घ्या, सुरुवातीला सगळं पोकळ, आणि पोकळीत पाणी."

"म्हणजे आपण सगळे एकेकाळी पाण्याच्या पिशव्याच होतो म्हणायचं."

"तुम्ही अजून आहात," त्या माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या.

अशा होत्या त्या. कामाच्या वेळी मात्र त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मनगट टेबलाच्या कडेला टेकवायच्या, श्वास अर्धा सोडून धरायच्या, आणि सुई आत जायची. मॅडम पाहुण्यांना घेऊन यायच्या आणि काचेबाहेरूनच त्यांना दाखवायच्या. मावशींना ते आवडायचं. नाही म्हणायच्या, पण त्या दिवशी केस नीट विंचरून यायच्या.

मग धांदल आली. ती मॅडमकडे पीएचडी करायला आलेली मुलगी. चालताना खुर्च्यांना धडकायची, चहा उभ्यानं प्यायची, एक वाक्य अर्धं सोडून दुसरं धरायची, म्हणून मावशींनीच तिला ते नाव ठेवलं आणि ते तिला चिकटलं. मुलगी हुशार. मावशींवर तिचा फार जीव. घर लांब होतं तिचं, महिनोन् महिने जाणं व्हायचं नाही, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मावशींकडे जेवायला जायची आणि त्यांच्या वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची.

डोळ्याची वाढ आतल्या पाण्यावर नेमकी किती अवलंबून आहे, ते मोजायचं, हे धांदलचं काम. त्यासाठी अंड्यांचे दोन गट केले होते. एका गटात चौथ्या दिवशी डोळ्यात बारीक पोकळ नळी बसवायची, म्हणजे आतलं पाणी तिच्यातून बाहेर झिरपत राहतं. दुसऱ्या गटात तेवढ्याच जाडीची भरीव काडी बसवायची. जखम तीच, पण पाणी आतच राहतं. मग खिडकीवर चिकटपट्टी लावून अंडं परत उबेला ठेवायचं, आणि चार दिवसांनी उघडून डोळा मोजायचा. पोकळ नळीचा डोळा खुजा आणि भरीव काडीचा पूर्ण वाढलेला निघाला, की समजायचं, फरक पाण्यानं पडला, जखमेनं नाही. कवचावर धांदल पेन्सिलीनं 'पो' नाहीतर 'भ' लिहायची आणि पुढं आकडा. नळ्या, काड्या बसवायचं काम अर्थातच मावशींचं.

पहिलं वर्षभर सगळं हवं तसं चाललं. पो खुजे, भ मोठे.

दुसऱ्या वर्षी काही 'भ' डोळेही खुजे निघायला लागले. आधी विसात दोन, मग पाच, मग निम्मे. धांदल आधी रडकुंडीला आली. काड्या बदलल्या, अंड्यांचा पुरवठादार बदलायला लावला, इनक्युबेटरचा थर्मामीटर माझ्याकडून नवा घेतला. काही फरक पडेना. आणि मग एक दिवस ती माझ्या भांडाराच्या खिडकीशी उड्या मारत आली.

"काका, सगळे चुकीचं समजत होते! पाण्याचा संबंधच नाही. जखम खोल झाली की डोळा खुरटतो. भरीव काडीनं पाणी बाहेर येतच नाही, तरी डोळा खुजा! मग पाण्यानं कसं काय झालं सांगा?"

मी म्हटलं, "मी काय सांगणार, मी थर्मामीटर देतो."

मॅडमचा आधी विश्वास बसेना. पण आकडे वाढत गेले, आणि आकड्यांपुढं कुणाचं चालतं? जुनी समजूत खोटी ठरवणारा शोध आपल्या प्रयोगशाळेत लागतोय म्हटल्यावर मॅडमच्याही चालण्यात जरा वेग आला.

त्याच सुमारास एकदा मावशी माझ्याकडे चहाला बसल्या होत्या. कप बशीवर ठेवताना टकटक वाजला. एकदा नाही, तीनचारदा, दातावर दात वाजावेत तसा. मी बघितलं. त्यांनी मी बघितलेलं बघितलं.

"भाऊ, दार लावता का?"

मी दार लावलं. त्यांनी उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. नुसता ठेवला तर शांत होता. उचलून माझ्यापुढं धरला तेव्हा बोटांची टोकं हलायला लागली.

"बाबांचंच आहे हे," त्या म्हणाल्या. त्यांच्या वडिलांचे हात इतके थरथरायचे की मावशी त्यांना चमच्यानं भरवायच्या, हे मला माहीत होतं. "सुरू होऊन आठ महिने झाले. रोज नसतं. कधी दहा अंडी हात दगडासारखा राहतो आणि अकराव्याला दगा देतो. काडी आत जाताना हात हलला ना, की भोक फाटतं. मग काडी भरीव असली तरी बाजूनं पाणी येतं. अगदी थेंबभर. तिरकं बघितलं तरच दिसतं, आणि डोळ्याची चकाकी जाते. मला दिसतं ते."

मला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे धांदलचे ते खुजे डोळे..."

"तिचे नाहीत. माझे आहेत."

आता पुढचं सांगायला मला आजही जड जातं. त्या माझ्याकडे सल्ला मागायला आल्या होत्या. हे कुणाला तरी सांगायचं हे त्यांनी ठरवलंच होतं, फक्त कुणीतरी 'हो, सांगा' म्हणायला हवं होतं. आणि मी म्हटलं, "कशाला सांगता, मावशी? झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरला दाखवा, गोळ्या घ्या, थांबेल. उगाच तुमची खुर्ची जाईल आणि पोरीचं दोन वर्षांचं काम मातीत. त्या कोंबडीच्या डोळ्यानं कुणाचं काय अडलंय?"

 "तसंही आहे," त्या म्हणाल्या, आणि उरलेला चहा दोन्ही हातांनी कप धरून प्यायल्या.

डॉक्टरकडे त्या गेल्या. हा कंप घराण्यातून येतो, जिवाला धोका नाही, गोळीनं थोडा कमी होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळीनं कंप थोडा कमी झाला आणि पेंग खूप यायला लागली. आणखी तीन महिने गेले. पेपर लिहून झाला, एका मोठ्या जर्नलकडे गेला. मावशी पहिल्यासारख्याच सकाळी येऊन बसायच्या. थट्टा मात्र बंद झाली. मी काही विनोद केला तर हसायच्या, पण तेवढ्यापुरतं. त्यांचं वजन उतरलं. मला दिसत होतं. मीही गप्पच बसलो. बोललो असतो तर माझाच सल्ला मला गिळावा लागला असता.

पेपर पाठवला त्या दिवशी धांदलनं सगळ्यांना केक वाटला. मावशींना खुर्चीवर बसवून शेजारी उभी राहून फोटो काढून घेतला. मग त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून सगळ्यांसमोर म्हणाली, "हे सगळं या हातामुळं. या हाताला सोन्यानं मढवायला पाहिजे."

मावशींनी हात काढून घेतला. म्हणाल्या, "केक चिकटलाय गं." आणि धुवायला गेल्या. बराच वेळ नळ चालू होता.

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वडिलांना चमच्यानं दूध पाजत होत्या आणि चमचा म्हाताऱ्याच्या दातांवर आपटला.

"बरंय," म्हातारा म्हणाला. "आता दोघंही हलतोय. दूध कुठं सांडायचं ते दुधानंच ठरवावं." मग हनुवटी पुसून म्हणाला, "कधीपासून?"

"झालं वर्ष."

"माझं पंचावन्नाव्या वर्षी सुरू झालं होतं. तू दोन वर्षं आधीच गाठलंस. कामावर सांगितलंस?"

"नाही."

"मीही नव्हतं सांगितलं." म्हाताऱ्यानं खिडकीतल्या टेबलाकडे बघितलं. "तीन वर्षं. लोक घड्याळ आणून द्यायचे. किरकोळ काम असायचं, तेल घालायचं, पट्टा बदलायचा. माझा हात हलायचा आणि आत काहीतरी तुटायचं. मग मी गिऱ्हाइकाला सांगायचो, साहेब, यंत्र झिजलंय, यात आता राम नाही, नवं घ्या. आणि ते घ्यायचे. चांगली चालणारी घड्याळं, पोरी. कुणाच्या वडिलांचं, कुणाच्या लग्नातलं. माझ्यावर विश्वास होता म्हणून फेकून दिली त्यांनी."

"मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? तूच चिमटे पुसून ठेवायचीस. तुला वाटायचं, बाबांचा हात म्हणजे काय!" मग तो म्हणाला, "हात हलला की तुमच्यात काय फेकतात गं?"

 मावशींनी राहिलेलं दूध पाजलं, तोंड पुसलं, आणि त्याच टेबलाचा खण उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचेच्या काड्यांचा डबा द्यायला पहिल्या मजल्यावर गेलो होतो. मॅडम सही करत होत्या, धांदल संगणकापुढं बसली होती. मावशी आत आल्या, पिशवीतून एक जुना टिनचा डबा काढला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. डब्यात पुठ्ठ्याच्या छोट्या पिवळट चिठ्ठ्या होत्या, दोरा ओवलेल्या. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांना त्यांचे वडील बांधायचे त्या. कोऱ्या उरलेल्या होत्या. त्यावर मावशींच्या अक्षरात आकडे होते. भ ३१. भ ३८. भ ४४.

"ही कोणती यादी?" मॅडमनी विचारलं.

"काडी घालताना ज्या अंड्यांना माझा हात हलला, ती. पाणी गळताना मी बघितलंय. चौतीस आहेत." त्यांचा आवाज कोरडा होता. घरून पाठ करून आल्या असाव्यात. "माझ्या हाताला कंप आहे, मॅडम. अकरा महिने झाले. मी सांगितलं नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. धांदल खुर्चीसकट वळली.  मग ती उठली, डब्यातून मूठभर चिठ्ठ्या उचलल्या, आपल्या वहीशी ताडून बघायला लागली. ओठ हलत होते. एक चिठ्ठी, एक ओळ. मी माझा डबा घेऊन तसाच उभा. 

खुजे निघालेले 'भ' डोळे होते एकतीस. त्यातले अठ्ठावीस चिठ्ठ्यांवर होते.

"तुम्ही लिहून ठेवत होतात?" धांदल म्हणाली. एरवी तिचं बोलणं धावतं असायचं, आज एकेक शब्द सुटा येत होता. "प्रत्येक वेळी? मी इथं तुमच्या शेजारी बसून काड्या बदलत होते, अंडी बदलत होते, रडत होते, आणि तुम्ही घरी जाऊन लिहून ठेवत होतात?"

"हो."

"एकदा म्हणाला असतात ना मावशी! एकदा! मी काय तुम्हाला घालवलं असतं?"

"तुझ्यामुळं नाही गं. मलाच..." मावशी म्हणायला लागल्या.

"पेपर गेला माझा! माझ्या नावानं गेला!"

"धांदल, बस," मॅडम म्हणाल्या.

"मला धांदल म्हणू नका," ती म्हणाली आणि वही उचलून बाहेर गेली. दाराशी खुर्ची होती, तिला धडकली नाही.

मॅडमनी पसरलेल्या चिठ्ठ्या डब्यात परत भरल्या. मग म्हणाल्या, "मावशी, सतरा वर्षांत मी एकदाही तुमच्या शेजारी बसून बघितलं नाही. काचेबाहेरून बघितलं." आणि डब्याचं झाकण लावून, "तुम्ही आज घरी जा."

मावशी जाताना माझ्यासमोरून गेल्या. मी गप्प राहायला सांगितलं होतं, हे त्यांनी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. पुढंही नाही. आणि मीही नाही. आता हे कागदावर पहिल्यांदाच येतंय.

त्या आठवड्यात मॅडमनी जुन्या काचपट्ट्या काढल्या. मोजून झालेल्या डोळ्यांचे पातळ काप करून, रंगवून त्या ठेवलेल्या असत. खुज्या 'भ' डोळ्यांच्या कापांत आतलं अस्तर, ज्यानं पुढं बघायचं तो पडदा, चुण्या पडून गोळा झालेला होता. अगदी 'पो' डोळ्यांत दिसतो तसाच. मॅडमनी मलाही दाखवलं, कदाचित त्यांना कुणाला तरी दाखवायचं होतं म्हणून. पडदा आपला वाढत राहतो, पण पाणी गेल्यामुळं आत जागाच होत नाही, मग तो घड्या घालून कोंबलेल्या चादरीसारखा होतो. नुसत्या जखमेनं डोळा खुरटला असता, तर पडदाही लहानच राहायला हवा होता. धांदलनं या चुण्या बघितल्या होत्या. मॅडमनीही. दोघींनी त्या जखमेच्या खात्यावर ढकलल्या होत्या. सगळं डोळ्यांसमोर होतं.

पेपर परत मागवला. जर्नलला काय कारण लिहिलं ते मला माहीत नाही. मावशींचं नाव त्यात नव्हतं एवढं मॅडमनी मला सांगितलं.

मावशींना काढलं नाही, पण खुर्ची गेली. त्या खाली काचसामान धुण्याच्या खोलीत गेल्या. भोकं पडलेले रबरी हातमोजे घालून चंचुपात्रं घासायच्या. एखादं हातातून निसटून फुटायचं. मी त्याची नोंद 'वापरात फुटले' अशी करायचो.

प्रयोग मात्र पुन्हा करायला हवा होता, आणि तो करणारा हात नव्हता. दोन महिन्यांनी मॅडम धुण्याच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "तिला शिकवाल का?"

"ती शिकेल का माझ्याकडून?"

"दुसरं कुणी नाहीये."

ते शिकवणं बघण्यासारखं होतं, आणि बघवतही नव्हतं. धांदल मायक्रोस्कोपपुढं, मावशी शेजारच्या स्टुलावर, जोडलेल्या दुसऱ्या भिंगातून तेच बघत. धांदल त्यांच्याशी बोलायची नाही. मावशी मॅडमना सांगायच्या, "मॅडम, तिला सांगा, मनगट टेकव." मॅडम सांगायच्या, "मनगट टेकव." आणि तिघी एकाच टेबलाशी, हातभर अंतरावर! चौथ्या दिवशी मॅडम वैतागल्या. "मी काय टपालखातं आहे का? थेट बोला." आणि निघून गेल्या. नंतर दोघी थेट बोलायला लागल्या, पण कामापुरतं.

"श्वास सोड. अर्धा. आता धर."

"धरलाय."

"नाही धरलास. पोट हलतंय."

पहिली चाळीसेक अंडी वाया गेली. काही मेली, काहींचे डोळे फाटले. मावशींनीच सुचवलं की काडी घालायच्या आधी डोळ्यात निळ्या रंगाचा कणभर थेंब सोडावा, म्हणजे पाणी बाहेर येऊ लागलं तर निळं दिसेल, कुणाच्या नजरेवर विसंबायला नको. "माझ्याही नाही," त्या म्हणाल्या. धांदलनं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बघितलं.

पाच महिन्यांनी एकोणीस भरीव काड्या न गळता बसल्या. अठरा डोळे पूर्ण वाढले. एक खुजा निघाला. तो का, ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

म्हणजे जुनंच खरं निघालं. डोळा आतल्या पाण्यानंच मोठा होतो. धांदलनं त्यात थोडी भर घातली, म्हणजे गळती जितकी जास्त तितका डोळा लहान, हे आकड्यांनिशी दाखवलं. गळतीचे कमीजास्त नमुने तिच्याकडे भरपूर होते. पण जग हलवणारा पेपर तो नव्हे. तिला पदवी मिळाली, ठरल्यापेक्षा दीड वर्षानं. तोवर तिला मिळणार होती ती नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली होती.

मधल्या थंडीत मावशींचे वडील गेले. धांदल आली होती. वर्तमानपत्र वाचायला बसायची त्या स्टुलावर अर्धा तास बसली आणि गेली.

शेवटच्या दिवशी ती किल्ल्या परत करायला माझ्या खिडकीशी आली. सही करताना तिनं विचारलं, "काका, मावशी कुठंयत?"

"खाली. धुण्याच्या खोलीत."

ती गेली. मी मागोमाग गेलो नाही. पंधरा मिनिटांनी तिला फाटकातून बाहेर जाताना बघितलं, पाठीवर मोठी पिशवी, चाल नेहमीसारखीच घाईची. मग मी खाली गेलो. मावशी हातमोजे काढून स्टुलावर बसल्या होत्या.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"हात हातात घेतला. वर धरला आणि बघत राहिली, हलतोय का ते." मावशींनी हातमोज्यातलं पाणी झटकलं. "मग म्हणाली, गोळी वेळेवर घेत जा."

"घेता का?"

"पेंग येते हो भाऊ."

आता मॅडमकडे दुसरी मुलगी आली आहे. कामात सावकाश आहे, फार बोलत नाही. आठवड्यातून दोन दिवस मावशी वर जातात, जोडलेल्या भिंगाशी बसतात आणि काडी बसल्यावर सांगतात, अंडं ठेवायचं की सोडायचं. निळा थेंब असतोच, तरी मुलगी त्यांना विचारते. उरलेले दिवस त्या खाली धुतात. माझ्याकडे चहाला येतात तेव्हा मी आता पेला देतो, अर्धा भरून. बशी ठेवणं मी बंद केलं आहे.